‘टी-७२’ यांना उत्तर, जरा सविस्तर

‘टी-७२’ (हे एका सोव्हिएत रणगाड्याचं नाव) या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

आपली प्रतिक्रिया रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास आली. वाचून लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि खरं तर मुळीच देणार नव्हतो. पण तुमच्या त्या प्रतिक्रियेखाली काही जणांनी अंगठे वर केलेत आणि त्यात माझा सख्खा चुलतभाऊ आहे. तेव्हा लिहिणं भाग आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आम्हा वॉरगेमर, म्हणजे टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींचा जीव पहिल्या महायुद्धातल्या अवघडलेल्या, बेढब, कालबाह्य रणगाड्यांवर का जडतो. ब्रिटिश मार्क वन, जर्मन ए-सेव्हन-व्ही, फ्रेंच सॅं-शामों ही त्यातली मुख्य पात्रं. त्यावर टी-७२ यांचं म्हणणं असं: ‘ज्यांना खऱ्या रणगाड्यांतलं काही कळत नाही, तेच असल्या भंगाराच्या प्रेमात पडतात.’ शिवाय दर फेरीला गाडी बंद पडते का हे फाशावर ठरवणं हा जुगार आहे. मुळात वीसच बनलेल्या ए-सेव्हन-व्हीपैकी सहा टेबलावर मांडणं हास्यास्पद आहे. लिहायचंच होतं तर फ्रेंच रेनो एफटी रणगाड्यावर लिहायला हवं होतं. माझा मार्क वन रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतो. आणि ज्या डब्यांत माणसं होरपळून मेली त्यांचं कौतुक कसलं करता? शेवटी जाता जाता, ‘चालू द्या, लहान मुलांना खेळायला काहीतरी हवंच.’

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. लेख लांबला होता. रंगकामावरचा मजकूर निम्मा केला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. चूक दाखवली की मी ऐकून घेतो, एवढं यावरून दिसावं.

आता त्या ‘लहान मुलां’बद्दल. मतभेदाला माझी कधीच ना नसते. याच ठिकाणी एका वाचकांनी माझ्या कॅंब्रेच्या (पहिल्या महायुद्धातली रणगाड्यांची लढाई) नकाशातली उत्तर दिशा चुकल्याचं सांगितलं होतं. त्यांनी ते ‘सर, जरा पाहता का’ अशा शब्दांत सांगितलं आणि मी त्याच दिवशी नकाशा बदलला. आपण मुद्दा मांडायच्या आधीच समोरच्याच्या वयाचा आणि अकलेचा हिशेब करून मोकळे होता. मी पन्नाशीचा आहे. माझ्या टेबलाभोवती जमणाऱ्यांत एक निवृत्त बॅंक मॅनेजर आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यासमोर ‘लहान मुलं’ म्हणायची तुमची छाती होणार नाही. मध्यरात्री टोपणनावाने ती होते.

असो. ‘खऱ्या रणगाड्यांतलं काही कळत नाही.’ या वाक्यावर मला बोलायचंच आहे.

मी नगरचा. आज अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडी नगरच. वडील लष्करी वाहनांच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना ग्रीस आणि डिझेलचा वास असायचा, आणि आई तो शर्ट बाकीच्या कपड्यांत मिसळू देत नसे. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाचं, प्रशिक्षण केंद्र नगरला असल्यामुळे आमच्या शाळेत रणगाडा ही काही पुस्तकातली वस्तू नव्हती. शेजारचे दफेदार काका निवृत्त झालेले. ते त्यांच्या गाडीच्या इंजिनाचे नखरे सांगायला बसले की काकू आत निघून जायच्या, कारण दोन तास गेलेच म्हणायचे. आणि हे नीट ऐका: ते कधीच सांगायचे नाहीत की गाडी किती झकास चालली. कुठे अडली, कशी रुसली, पाना कुठे हरवला, कुणी शिव्या घातल्या आणि मग ती कशी सुरू झाली, हेच सगळं. ज्याने खरा रणगाडा हाताळला तो माणूस असा बोलत होता. कळत नसलेले लोकच अडणाऱ्या गाडीवर जीव टाकतात, हा तुमचा सिद्धान्त माझ्या बाबतीत शेजारच्या ओट्यावरच निकालात निघाला होता.

सोलापूर रोडकडचं ते रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. लोक तिथे जाऊन पॅटन रणगाड्यासमोर फोटो काढतात, विजयंता रणगाड्यासमोर काढतात. मी रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीसमोर उभा राहतो. ती खरं तर रणगाडा नाही, चाकांवरची मोटार आहे. मोटारीला पोलादी पत्रे ठोकले आणि वर एक गोल डबा बसवला. पुढे काय होणार आहे याचा पत्ता नसलेल्या माणसांनी ती बनवली, आणि ते तिच्या अंगावर दिसतं. मला तेच पाहायला आवडतं. पॅटन पाहताना असं काही होत नाही. तो बनेपर्यंत रणगाडा कसा असतो हे सगळ्या जगाला ठाऊक झालेलं होतं.

१९१५ मध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लिंकनच्या फॉस्टर कंपनीत ट्रिटन आणि विल्सन यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की काटेरी तारा तुडवून, रुंद खंदक ओलांडून पलीकडे जाईल असं काहीतरी हवं. आधी त्यांनी जे बनवलं, ज्याला पुढे ‘लिटल विली’ म्हणू लागले, ते खंदकाच्या रुंदीला पुरेना. मग ट्रॅक, म्हणजे रणगाडा ज्यावर चालतो तो पोलादी पट्टा, पूर्ण अंगाभोवती, वरून खाली फिरवला आणि तो तिरका चौकोन जन्माला आला. वर टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, ठेवावं तर गाडी डोईजड होणार, म्हणून तोफा दोन्ही कुशींना, स्पॉन्सन म्हणतात त्या बाहेर आलेल्या कप्प्यांमध्ये बसवल्या. तुम्हाला यात बेढबपणा दिसतो. मला एकेका कोपऱ्यामागचं कारण दिसतं. लिटल विली आजही डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. चित्र तरी पाहून घ्या.

आता मार्क वन वळायचा कसा? २८ टन वजन, १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन, आत आठ माणसं, आणि इंजिन त्यांच्या मधोमध, मध्ये भिंत नाही. आत उष्णता पन्नास अंशांच्या आसपास जायची आणि इंजिनाचा विषारी धूर तिथेच कोंडायचा. नुसतं वळायला चार माणसं लागत: पुढे ड्रायव्हर आणि ब्रेक सांभाळणारा कमांडर, मागे दोन गियरमन, प्रत्येकाकडे एका बाजूच्या ट्रॅकचा गियर. आवाजात हाक ऐकू येत नसे, म्हणून हाताच्या खुणा, नाहीतर इंजिनाच्या झाकणावर ठोकून इशारा. मागे वळणाला मदत म्हणून दोन चाकांचं शेपूट जोडलं होतं, त्याचा उपयोग इतका कमी झाला की पुढे ते काढूनच टाकलं. एका माणसाला एकट्याने गाडी वळवता येईल अशी सोय ब्रिटिशांच्या मोठ्या रणगाड्यांत आली १९१८ च्या मार्क फाइव्हमध्ये.

हे पुस्तकात वाचून ‘हो का’ म्हणून पान उलटता येतं. आमच्या टेबलावर तसं होत नाही. आमच्या घरगुती नियमात मार्क वन वळवायचा तर पिशवीतून दोन्ही गियरमनच्या सोंगट्या निघाव्या लागतात. एकच निघाली तर गाडी सरळ जाणार, मग समोर खड्डा असो की आपलीच माणसं. पहिल्या खेळात डॉक्टरसाहेबांची गाडी चार फेऱ्या सरळ जाऊन टेबलाच्या कडेला पोचली आणि ते सोंगट्यांच्या पिशवीशी भांडत होते. दुसऱ्या खेळात ते दोन फेऱ्या आधीच वळायची तयारी करू लागले. त्या माणसाने १९१६ च्या ड्रायव्हरबद्दल एक ओळही वाचलेली नाही, पण तो काय विचार करत असेल हे त्याला कळलं. टी-७२ ची प्रतिकृती टेबलावर ठेवा, ती जिकडे तोंड कराल तिकडे जाते, जे दिसेल ते उडवते. मी तोही खेळ खेळलो आहे. अर्ध्या तासात संपतो आणि हरणारा मोबाइल बघायला लागतो.

फ्रेंच सॅं-शामों घ्या, ज्याला तुम्ही ‘नाकावर पडणारा डबा’ म्हणालात. नाकावर पडायचा, हे खरंच आहे. आखूड ट्रॅक, त्यावर पुढेमागे लोंबणारं लांबलचक धूड, आणि नाकाशी ७५ मिलिमीटरची तोफ. मे १९१७ मध्ये लाफोपाशी उतरला तेव्हापासून खंदक आला की नाक रुतायचं. पण त्याच गाडीत पेट्रोल इंजिनावर डायनॅमो चालायचा आणि दोन ट्रॅकना दोन वेगळ्या विजेच्या मोटारी होत्या. म्हणजे ब्रिटिशांची चार माणसं घामाघूम होत जे करत होती, ते फ्रेंच ड्रायव्हर एकटा करत होता. १९१८ मध्ये लढाई खंदकांतून मोकळ्या रानात आली तेव्हा हाच डबा जर्मन तोफांवर दुरून मारा करायला कामी आला. चुकीच्या अंगावर बरोबर मेंदू बसवलेली अशी गाडी खेळात हातात आली की माणूस तिला सपाट जमीन शोधत फिरतो, आणि त्या शोधातच अख्खा खेळ रंगतो. हे ‘काही न कळणाऱ्याचं’ प्रेम असेल तर मग कळणाऱ्यांचं कसं असतं, तेही एकदा लिहा. लिहाल असं वाटत नाही. प्रतिक्रिया देणं सोपं असतं.

जरा आवाज चढला. राहू द्या.

आणखी एक, कारण तुम्ही ‘खरे’ या शब्दावर फारच भार दिलात. माझं पहिलं मार्क वन पुठ्ठ्याचं होतं. कॉलेजात असताना परदेशी शिशाच्या प्रतिकृती परवडणं शक्य नव्हतं. पोस्टातून मागवली तरी वर ड्युटी. मग वहीचे पुठ्ठे, एम-सील, आईस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल. ट्रॅकच्या एकेका पट्टीसाठी मी बॉव्हिंग्टनच्या गाड्यांची छायाचित्रं भिंगातून पाहिली आहेत. रिव्हेट्ससाठी मोहरी चिकटवली, ती पावसाळ्यात कुजली, मग कागदाच्या टिकल्या केल्या. आज घरी रेझिनचा प्रिंटर आहे आणि रात्रभरात गाडी तयार होते, पण स्पॉन्सन कुठून सुरू होतो, मार्क फोरमध्ये तोफेची नळी आखूड का केली (लांब नळ्या वळताना झाडांना आणि जमिनीला अडकायच्या), हे माझ्या बोटांना त्या पुठ्ठ्यापासून माहीत आहे. ज्याने हे केलं त्याला ‘कळत नाही’ म्हणण्याआधी माणसाने निदान एक गाडी स्वतः चिकटवलेली असावी.

आता बाकीचं पटापट.

फासा. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, फ्लेर-कूर्सलेतच्या हल्ल्यासाठी ४९ रणगाडे नेमले होते. त्यातले जवळजवळ एक तृतीयांश सुरुवातीच्या रेषेपर्यंतच पोचले नाहीत. आमच्या फाशावर फक्त एक पडला तरच गाडी बंद होते, म्हणजे आम्ही इतिहासापेक्षा दयाळूच आहोत. याला जुगार म्हणायचं तर सोम नदीकाठच्या जनरलांना जाऊन म्हणा.

सहा ए-सेव्हन-व्ही. २४ एप्रिल १९१८ ला व्हिये-ब्रेतोनोच्या लढाईत त्या तेराच्या आसपास उतरल्या होत्या. त्याच दिवशी शेजारच्या काशी गावाजवळ (उच्चार तसाच आहे, मी तरी काय करू) रणगाड्याशी रणगाड्याची पहिली झुंज झाली: एकीकडे तीन मार्क फोर, दुसरीकडे ‘निक्से’ नावाची ए-सेव्हन-व्ही. तीनपैकी दोघांकडे फक्त मशीनगन, त्या मार खाऊन मागे गेल्या. तोफवाल्याने निक्सेला टिपलं. तेव्हा सहा म्हणजे काही चैन नव्हे. वीस बनल्या म्हणता, बरोबर आहे, आणि वीसपैकी एकच आज शिल्लक आहे, ‘मेफिस्टो’, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. हे तुमच्या प्रतिक्रियेत नव्हतं.

रेनो एफटी. फिरतं टरेट, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, दोन माणसं, तीन हजारांहून जास्त बनल्या. पुढचे सगळे रणगाडे तिचीच लेकरं, तुमचा टी-७२ धरून. शहाणी, गुणी गाडी आहे. तिच्यावर लिहिणारे शेकडो आहेत. मला गुणी मुलांवर लेख लिहायचा नव्हता.

माणसं मेली. होय. मागच्या लेखात त्यावर लिहिलं होतं. आपण तिथवर पोचला नसाल, लेख लांब होता हे वर मान्य केलंच आहे. आणि हा आक्षेप टी-७२ हे नाव घेऊन कुणी घ्यावा, याची गंमत वाटते. त्या गाडीत तोफगोळे टरेटच्या तळाशी फिरत्या चकतीवर, माणसांच्या पायांखाली असतात. टोपणनाव निवडताना पाहिलं असेलच. या विषयावर मी इथे अधिक बोलणार नाही.

रंग. पहिले मार्क वन फ्रान्सला गेले तेव्हा त्यांच्यावर सॉलोमन नावाच्या चित्रकाराने, रॉयल ॲकॅडमीच्या सभासदाने, रंगांचे मोठाले ठिपके-पट्टे योजून दिले होते. आघाडीवर चिखलाने सगळं एकाच रंगाचं होतं हे लक्षात आल्यावर तो थाट सोडून साधा तपकिरी आला. माझी गाडी सप्टेंबर १९१६ ची आहे, तेव्हा रंग बरोबर आहेत. तुम्हाला ते आवडावेत असा आग्रह नाही. चुलतभावाला मात्र मी फोन केला होता. तो म्हणतो, अंगठा चुकून लागला.