वाचवलेलं वर्ष नंतर गेलंच

'अकरावीनंतर हायस्कूल संपवलं की डॉक्टर एक वर्ष आधी होता येतं' हे अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमच्या लेकीने इथे न्यू जर्सीत नेमकं तेच केलं. एपीचे (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय, उन्हाळी वर्ग करून क्रेडिट्स भरली आणि जेमतेम सतराव्या वर्षी कॉलेजात गेली. पुण्याच्या काकूंनी पेढे वाटले. पहिल्याच सेमिस्टरला ती एका रुग्णालयात स्वयंसेवक व्हायला गेली, तर काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारखेवर बोट ठेवून फॉर्म परत दिला. अठरा पूर्ण झाल्यावर या! घरी येईपर्यंत गाडीत पोर एक शब्द बोलली नाही. डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याच्या कामाचंही तेच झालं. मेडिकल स्कूलवाले मार्कांबरोबर रुग्णांमध्ये घालवलेले तासही बघतात, आणि तिचे तेच कमी पडले. शेवटी कॉलेजनंतर एक वर्ष थांबावंच लागलं.

भारतात बारावीनंतर थेट एमबीबीएस, तेही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, म्हणून तिकडच्या मंडळींना हा हिशेब सोपा वाटतो. (नीटलाही सतराची अट आहेच.) इथे कॉलेजची ४, मेडिकलची ४ आणि वर रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, ३ ते ७ वर्षं. त्यापुढे बारावीचं एक वर्ष ते केवढं? तिचं ऑर्केस्ट्रातलं शेवटचं वर्ष मात्र गेलं, त्याची मला आजही हळहळ वाटते. वयाच्या अटीबद्दल त्या लेखात चकार शब्द नाही. ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत, त्यांनी आधी जवळच्या रुग्णालयाला फोन करून विचारा.