दुसऱ्याच्या नावावर दुकान थाटू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

इंदूरसारख्या खाण्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या शहरात खाद्यपदार्थांचा धंदा सुरू करू इच्छिणाऱ्या होतकरूंनी स्वतःचे नाव कमावण्याच्या भानगडीत पडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नाव कमावण्यास फार वेळ लागतो. रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरातून भाजणी आणि मेतकूट विकत विकत माझ्या आईला त्यासाठी २८ वर्षे लागली. त्यापेक्षा तयार नाव उचलावे. ते कसे उचलतात, याचे प्रात्यक्षिक दिवाळीच्या तोंडावर स्पीड पोस्टाने आमच्याच घरी आले. आई तेव्हा कढईत हरभऱ्याची डाळ भाजत होती, म्हणून वकिलाची नोटीस मला मोठ्याने वाचून दाखवावी लागली आणि तेवढ्या वेळात डाळ जरा जास्तच तांबूस झाली. आम्ही नोटीस देणाऱ्याच्या व्यापारचिन्हाचे (ट्रेडमार्कचे) उल्लंघन करीत असून ते नाव वापरणे पंधरा दिवसांत बंद करावे, असा मजकूर होता. ते नाव म्हणजे आईला माहेरी ज्या नावाने हाक मारीत, ते.

तेव्हा सावज निवडताना पहिल्यांदा हे पाहावे की नाव गाजलेले असावे, पण नोंदलेले नसावे. अशी नावे विपुल आहेत. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास व्यापारचिन्हाच्या नोंदणीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात, आणि माल व सेवांच्या एकंदर ४५ वर्गांपैकी पिठे व मसाल्यांचा तिसावा वर्ग तेवढा आपल्याला पुरतो. तरीही आमच्यासारखी माणसे ‘दिवाळी आटोपली की बघू’ असे म्हणत दहा-दहा दिवाळ्या आटोपतात. मी स्वतः म्हणत होतो.

नाव जसेच्या तसे उचलू नये. पुढे ‘श्री’ लावावे.

त्या नावाची एखादी आत्या घरात असल्यास तिला तातडीने भागीदार करून घ्यावे, कारण स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३५ संरक्षण देते. ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द वाचताना चष्मा काढून ठेवावा.

वेष्टनाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण गिऱ्हाईक नाव वाचत नाही, रंग पाहते. सर्वोच्च न्यायालयानेही ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांवरच्या १९६२ च्या निकालात सरासरी बुद्धीचा आणि अर्धवट आठवणीचा ग्राहक डोळ्यांपुढे ठेवला होता. दोन पाकिटे शेजारी शेजारी ठेवून फरक शोधत बसायचे नसते. घाईत असलेल्या माणसाला एक पाहून दुसरे आठवेल का, एवढेच पाहायचे असते. अर्थात न्यायालयाने ही कसोटी फसवणाऱ्याला अडवण्यासाठी घातली, आपण ती कृती म्हणून वापरावी. आमच्या पाकिटाला पिवळा कागद आणि हिरवी किनार आहे. नव्या पाकिटालाही पिवळा कागद आणि हिरवी किनार आहे. इथवर मी समजू शकतो. परंतु १९९७ साली पहिली लेबले छापताना इथल्या हिंदीभाषक कंपोझिटरने ‘भाजणी’तल्या ‘ण’चा ‘न’ केला, पाचशे लेबले फुकट कशी घालवायची म्हणून आईने तीच चिकटवली, आणि पुढे लोक ‘ती न वाली’ म्हणूनच मागू लागल्याने आम्ही चूक तशीच ठेवली. नव्या पाकिटावर अगदी त्याच जागी, त्याच वळणाच्या अक्षरांत ‘भाजनी’ छापले आहे! रंग योगायोगाने जुळेल, किनार जुळेल, पण दुसऱ्याच्या घरातली छपाईची चूक कुणाच्या डोक्यात आपोआप उगवते? निदान चूक तरी स्वतःची करायची होती. पाकिटाच्या मागे ‘आजीच्या हातची परंपरा’ असेही लिहिले आहे. कोणाच्या आजीच्या, ते लिहिलेले नाही, आणि कोपऱ्यात वर्तुळातला ‘आर’ आहे, जो फक्त नोंदलेल्या चिन्हावर लावता येतो. यांचा नुसता अर्ज झालेला आहे. नोंदणी नसताना नोंदणी असल्याचे भासवणे कलम १०७ खाली दंडनीय आहे, आणि चिन्ह नोंदलेले नसेल तर उल्लंघनाचा दावाही लावता येत नाही, हे नोटीस लिहिणाऱ्या विद्वानांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

अर्जात ‘केव्हापासून वापर’ असा रकाना असतो. तिथे मनाला येईल ते साल टाकून खाली प्रतिज्ञापत्र जोडावे. आमच्या प्रतिस्पर्ध्यांनी २००१ टाकले आहे. त्या साली ते आठवीत होते.

अर्ज परीक्षणातून सुटला की व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर सोमवारी निघते आणि ते कोणी वाचत नाही, हाच आपला आधार. प्रसिद्धीपासून चार महिन्यांत हरकत आली नाही, तर नोंदणीचा रस्ता मोकळा होतो आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. म्हणून नोटीस चार महिने उलटल्यावरच पाठवावी. आमच्या बाबतीत घाई झाली आणि नऊ दिवस शिल्लक राहिले. त्या नऊ दिवसांत २,७०० रुपये भरून हरकत दाखल झाली; आता अर्जदाराने हरकतीची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर दिले नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाईल. म्हणजे फराळाच्या गडबडीत मी चकल्यांऐवजी जुनी बिले मोजत बसलो होतो.

याच काळात नातेवाइकांचे सल्लेही मिळतात. “नावच तर आहे, दुसरे ठेवा”, “मराठी माणसाने मराठी माणसाला कोर्टात खेचू नये”, “तडजोड करून घ्या”. हा मराठी बाणा नाव उचलताना कुठे गेला होता, हे त्यांना कोणी विचारत नाही. ‘प्राइड’सारख्या सर्रास वापरातल्या शब्दावर कोणाची मक्तेदारी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ब्लेंडर्स प्राइड आणि लंडन प्राइड यांच्या वादात म्हटले, आणि तो वाद आमच्या इंदूरच्याच न्यायालयात सुरू झाला होता. एका मामांनी त्याचे कात्रण मला पाठवले. मामा, आईचे माहेरचे नाव व्हिस्कीच्या बाटलीवरचा सर्रास शब्द नाही. आणि तुम्हीच तिला त्या नावाने हाक मारता.

आता सूचना पुरेत. नोटीस पाठवणाऱ्या गृहस्थांनो, सरळच सांगतो. नाव आधी कोणी वापरले, याला कायद्यात किंमत आहे. कलम ३४ त्यासाठीच आहे. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडई हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की, आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नोंदणी असलेल्याच्या हक्कापेक्षाही वरचढ ठरतो. तुमच्याकडे तर अजून नोंदणीही नाही. आमच्याकडे १९९७ पासूनची बिलबुके आहेत, आणि त्यांतली सहा बुके तुमच्याच दुकानाची आहेत. दर शनिवारी दोन डझन पाकिटे तुम्ही आमच्याकडून कमिशनवर नेत होतात. आईने स्वतः मोजून दिली, चहा दिला, तुमच्या मुलीच्या बारशाला मेतकूट पाठवले. त्या प्रत्येक पावतीवर आईच्या नावाखाली तुमची सही आहे, आणि त्या सगळ्या पावत्यांच्या प्रती आता हरकतीचा पुरावा म्हणून मुंबईच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयात जाणार आहेत. लाज वाटायला हवी होती. अर्ज मागे घ्या, छापलेली पाकिटे रद्दीत घाला, आणि २०१९ च्या शेवटच्या पावतीचे ३६० रुपये अजून देणे आहे, ते घरी आणून द्या.