‘दोन तासांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

डाओच्या (टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, बाळगणाऱ्यांच्या मतांवर चालणाऱ्या संस्थेच्या) सूचना-बॉटला, म्हणजे नव्या प्रस्तावाची खबर ग्रुपवर देणाऱ्या प्रोग्रॅमला, तिच्या ट्रेझरीतून (तिजोरीतून) निधी मिळावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘दोन तासांच्या स्क्रिप्टसाठी पैसे कसले मागता? ईमेल सगळ्यांना येतच असतात. पुण्यात बसून परदेशी ट्रेझरीवर डोळा!’ मतभेद असू द्यात, पण ‘डोळा’ हा शब्द कशाच्या जोरावर वापरलात? निधीची मागणी सगळ्यांसमोर मांडली जाते, टोकनधारक तिच्यावर मत देतात. यात चोरून काहीच होत नाही.

रक्कम एकदम न देता तिमाही हप्त्यांनी द्यावी, ही तुमची सूचना मात्र रास्त आहे.

आता तुमचे ‘दोन तास’. स्नॅपशॉट या मतदानाच्या साइटच्या एपीआयला (प्रोग्रॅमने माहिती मागायच्या सोयीला) दर पाच मिनिटांनी विचारायचं आणि नवा प्रस्ताव दिसला की टेलिग्रामवर टाकायचा, एवढं दोन तासांत होतं. पण टेलिग्रामचा साधा ग्रुप सुपरग्रुप (मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला की त्याचा चॅट आयडी (ओळख क्रमांक) बदलतो. नवा आयडी टेलिग्राम एररमध्येच कळवतं. तो वाचून साठवणारा कोड नसेल तर बॉट जुन्याच आयडीवर पाठवत बसतो. ग्रुपमध्ये सगळे समजतात, नवा प्रस्तावच नाही. शिवाय एका ग्रुपला मिनिटाला २० संदेशांची मर्यादा आहे. त्यापुढे ४२९ एरर येतो, किती सेकंद थांबायचं तेही सांगतो. स्क्रिप्टने संदेश जाण्याआधीच प्रस्ताव ‘पाठवला’ म्हणून नोंदवला असेल, तर ती सूचना कायमची बुडाली. नोंद पोचल्यावरच करायची असते.

आणि सूचना कधी द्यायची, हे तर तुम्ही धरलेलंच नाही. युनिस्वॅप या डाओत ऑन-चेन (थेट ब्लॉकचेनवरचा) प्रस्ताव आल्यावर सुमारे दोन दिवसांनी मतदान सुरू होतं आणि मताचं वजन त्या सुरुवातीच्या ब्लॉकवरून (ब्लॉकचेनवरच्या त्या क्षणाच्या नोंदीवरून) ठरतं. टोकन नुसतं वॉलेटमध्ये असून भागत नाही, तोवर स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला डेलिगेट केलेलं, म्हणजे मताचा अधिकार नावावर लावलेला, लागतो. ज्याने केलेलं नाही, त्याला ‘मतदान सुरू झालं’ हे कळून उपयोग शून्य. म्हणून बॉटने प्रस्ताव तयार झाल्याचा इव्हेंटच (ब्लॉकचेनवर उमटणारी खूण) पकडायचा. शेवटची आठवण भारतीय वेळेत द्यायची, कारण यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) २०:०० म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड, तारीखही पुढची. हिंजवडीहून दमून आलेल्या माणसाने ही बेरीज का करत बसावी?

जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या डाओचा २८९ क्रमांकाचा प्रस्ताव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. पणाला तिच्या ट्रेझरीतले ४,९९,००० कॉम्प (कंपाउंडचे) टोकन होते, तेव्हाचे सुमारे २.४ कोटी डॉलर. मतदान संपलं शनिवार-रविवारी. पुढे तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. बॉटमुळे निकाल फिरला असता असा माझा दावा नाही. पण इतक्या कमी फरकात ज्यांना वेळेत कळलंच नाही, त्यांचं मत मोलाचं असतं.

सोसायटीत लिफ्ट बसवून देखभालीचा करार न करणारी कमिटी दाखवा. निधी मागितलाय तो त्या देखभालीसाठी. असे बॉट मी स्वतः चालवतो, रात्री बंद पडले तर उठतो मीच. तेव्हा ‘दोन तास’ मला तरी शिकवू नका.

ईमेलबद्दल लेखात लिहिलंय. आधी तो पूर्ण वाचा.

तुमची स्क्रिप्ट तयार असेल तर गिटहबवर टाका. ग्रुपचा सुपरग्रुप करून आणि एका मिनिटात २५ संदेश सोडून मी ती चालवून बघेन, आणि जे होईल ते इथेच लिहीन.