४७ हजार वॉन

मिरजेच्या शाळेतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. एका मराठी अभिनेत्रीने शेतकऱ्यांच्या बाजूने चार ओळी लिहिल्या होत्या. निम्म्या ग्रुपचं म्हणणं, 'अभिनय कर की बाई, राजकारणात कशाला पडतेस?' उरलेल्यांचं म्हणणं, 'हिने तोंड तरी उघडलं, बाकीचे विकले गेलेत.' तिकडे साडेनऊ वाजले होते, इथे दक्षिण कोरियातल्या सुवनमध्ये रात्रीचा एक. मला मात्र वाचताना सारखी इथली गायिका ली ह्योरी आठवत होती.

या देशात नऊ वर्षं काढल्यावर एवढं नक्की सांगू शकते, की ह्योरीला न ओळखणारा माणूस इथे शोधावा लागेल. १९९८ मध्ये 'पिंकल' नावाचा चार मुलींचा गाण्याचा ग्रुप आला, ती त्यातली मोठी. पुढे एकजण संगीतनाटकांकडे गेली, दोघी मालिकांकडे. ह्योरीने २००३ मध्ये एकटीचा अल्बम काढला आणि त्या वर्षीचे मोठमोठे पुरस्कार घरी नेले. २००५ मध्ये मालिकेत नायिका झाली, ते काही जमलं नाही. लोकांनी अभिनयावर सडकून टीका केली, ती पुन्हा गाण्याकडे वळली.

इथपर्यंत ही कुठल्याही स्टारची गोष्ट वाटेल. मला ती महत्त्वाची वाटते ती २०१० पासून. त्या वर्षीच्या तिच्या अल्बममधली एकाच संगीतकाराने दिलेली गाणी चोरलेली निघाली. तीही फसवली गेली होती, सगळा दोष त्याच्यावर ढकलता आला असता. तिने स्वतः चाहत्यांपुढे गाणी चोरीची असल्याचं कबूल केलं आणि अल्बमची प्रसिद्धी थांबवली. पुढे तिने जाहिरातीही सोडल्या. लग्न करून जेजू बेटावर राहायला गेली.

आणि मग ते पाकीट. प्योंगटेकच्या सांगयाँग मोटार कारखान्यात २००९ मध्ये कामगार कपातीविरुद्ध ७७ दिवस संप झाला होता. २०१३ च्या अखेरीस कोर्टाने संपकऱ्यांना ४७० कोटी वॉन (वॉन हे इथलं चलन) भरपाई द्यायला सांगितलं. ज्यांची नोकरी गेली त्यांनी एवढे पैसे आणायचे कुठून? तेव्हा एका आईने एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं आणि सोबत ४७ हजार वॉन पाठवले. तिचा हिशोब सरळ होता : असे १ लाख लोक निघाले तर रक्कम पुरी होते. जुन्या काळी इथे पगार पिवळ्या पाकिटातून मिळायचा, म्हणून मोहिमेचं नाव पिवळं पाकीट. २०१४ च्या फेब्रुवारीत ह्योरीने हाताने लिहिलेलं पत्र आणि ४७ हजार वॉन पाठवले. एका वॉनने जास्त नाही.

तिला ४७ लाख सहज देता आले असते. पण मग त्या आईचं पाकीट लहान दिसलं असतं. मदत करताना दुसऱ्याला लहान न करणं ही समज मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. तिच्यामुळे मोहीम घरोघरी पोचली. लाख माणसं जमली नाहीत, पण सुमारे ४७ हजार लोकांनी मिळून १४७ कोटी वॉन गोळा केले. संपकऱ्यांवरच्या अशा भरपाईला आळा घालणारा कायदा दोनदा राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकारात अडकला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत मंजूर झाला. त्याला सगळे पिवळ्या पाकिटाचा कायदाच म्हणतात.

म्हणजे इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. २०१९ मध्ये सल्ली आणि गू हारा या दोन पॉप गायिका सहा आठवड्यांच्या आत वारल्या. दोघीही ग्रुपमधून बाहेर पडून एकट्याने उभ्या राहू पाहत होत्या आणि दोघींवर वर्षानुवर्षं ऑनलाइन चिखलफेक चालली होती. त्या सुमारास इथल्या मोठ्या पोर्टलांनी मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रियाच बंद केल्या. आपल्याकडे मराठी अभिनेत्रींच्या फोटोंखाली जे लिहिलं जातं ते वाचून माझ्या पोटात गोळा येतो, तो यामुळे. २०२३ मध्ये ह्योरीने पुन्हा जाहिराती करायच्या ठरवल्या. तेव्हाही नावं ठेवणारे होतेच. मला त्यात काही गैर वाटलं नाही. सोडल्या तेव्हाही तिच्या मर्जीने, घेतल्या तेव्हाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की कलाकाराने बोलावं की गप्प बसावं यावर आपण रात्र रात्र भांडतो, आणि ज्या शेतकऱ्यांवरून ते सुरू झालं त्यांचं नाव दहाव्या मेसेजनंतर कोणी काढत नाही. त्या रात्री मी ग्रुपवर माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लिहिलं. ती प्योंगटेकची. २०१४ मध्ये कॉलेजात होती, रात्री दुकानात काउंटर सांभाळायची. तेव्हा किमान मजुरी तासाला ५,२१० वॉन होती. म्हणजे तिचं पाकीट नऊ तास उभं राहून भरलेलं. "ह्योरीने दिले तेवढेच मी दिले," हे सांगताना अकरा वर्षांनंतरही तिचा चेहरा उजळतो.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग सगळ्यात जास्त भांडणाऱ्या सुन्याचा मेसेज आला : "४७ हजार म्हणजे आपले किती गं?"

तीनेक हजार, मी लिहिलं.