बाळंतिणीला आधार द्यायला निघालात? वा!

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून बाळ बघायला आलाच आहात, तर चपला काढता काढता विचारून घ्या, "दूध पुरतंय ना गं?" आवाजात शंका हवी. बाळ रडलं की "उपाशीच दिसतंय बिचारं" म्हणून टाका. दुपटं ओलं असेल, नुसतं कुशीत यायचं असेल, पण ते बघत कोण बसणार?

बाळंतिणीच्या खोलीत पलंगावरच बसा, तेही ऐसपैस. ती ओढणी शोधू लागली की उठू नका, घरचेच तर आहोत. उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा असेल. चहाबरोबर एक घ्या, चांगला असला तर दोन. कप तिथेच ठेवा.

मग पावडरचा डबा सुचवा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, असं त्या आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येऊन सांगत राहतात. सांगू देत. डब्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढेल, तसं दूधही आटेल आणि मग "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणायला तुम्ही मोकळे. १९९२ च्या कायद्यानं कंपन्यांना या डब्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तुम्हाला थोडीच आहे?

मे महिना असेल तर चमचाभर पाणीही पाजायला लावा. पहिले सहा महिने वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं, हे डॉक्टरांना ठाऊक. पण डॉक्टरांनी ठाण्याचा उकाडा कुठे पाहिलाय?

ऑफिसात साहेब असाल तर २६ आठवड्यांची रजा दिलीत, उपकार झाले. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोनदा सुट्टी कायद्यात आहे खरी, पण ते बाळ वाशीला आणि ती ठाण्यात. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघर हवं म्हणतात, तिथे आपण प्रिंटर ठेवलाय. दूध काढायला टॉयलेट आहेच की. "साहेब, तुम्ही तुमचा डबा तिथे खाल का?" असं कुणी विचारलंच, तर तिचं अप्रेझल जवळ आल्याची आठवण करून द्या.

आणि एसटी स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत एखादी पदराआड पाजताना दिसली, तर टक लावून बघा आणि वर "हिरकणी कक्ष आहे ना!" असं सुनवा. त्याला कुलूप असेल तर किल्ली कंट्रोलरकडे, आणि कंट्रोलर जेवायला गेलेले. हिरकणी तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली, हिला किल्लीसाठी तासभर थांबायला काय होतंय?