कुठंय दुकान?

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलचक होणारे, वाचायचं तर वाचा.

आज ताईला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, मग मुलाच्या मामांनी विचारलं, धाकटा काय करतो? मी समोरच बसलेलो. अण्णा म्हणाले, "मेडिकलला असतो." मामा म्हणाले, "अरे वा, कुठंय दुकान?" आणि आमचे अण्णा एक सेकंद विचार न करता, "सोलापुरात. बारकंच आहे अजून."

बीएस्सी नर्सिंगचं सातवं सेमिस्टर चालू आहे माझं आणि बापानं दोन मिनिटांत मला काउंटरवर क्रोसिन विकायला बसवलं. मामा खूश. मी बशी उचलून आत गेलो ते पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलोच नाही.

नर्स म्हणायला काय होतं? तीन वर्षं झाली, गावात एकानं तो शब्द नीट उच्चारला नाही. कुणी डॉक्टर म्हणतं, कुणी कंपाउंडर, मित्र "ए सिस्टर" म्हणून हाक मारतात आणि दात काढतात. सरकारी जाहिरातीत पण पद काय तर अधिपरिचारिका, म्हणजे फॉर्म भरतानाच कळतं की आपण चुकून आलोय.

मेल मेडिकलला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डला नाइट होती तेव्हाचं सांगतो. १४ नंबरला एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, लकव्यानं डावी बाजू गेलेली. दिवसभर सिस्टरना हातच लावू दिला नव्हता, तसेच घाणीत पडून. बायकांसमोर लाज वाटते म्हणे. इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या तू जा. स्क्रीन लावला, गरम पाणी आणलं, सगळं साफ केलं, पाठ पुसली, चादर बदलली, कुशीवर केलं, दर २ तासांनी कूस बदलायची असते नाहीतर बेडसोर होतात. आजोबा सगळा वेळ भिंतीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरा, घरी माहितीय का तुझ्या, तू हे करतोस ते?"

आता कुठल्या मेडिकल स्टोअरमध्ये हे करतात सांगा मला.

आणि उलटं पण होतं. लेबर रूमच्या पोस्टिंगला आम्हा पोरांना नातेवाईक दारातूनच हाकलतात. केसबुकात बाळंतपणाच्या केसेस तर पूर्ण पाहिजेत, मॅडम म्हणतात तुझं तू बघ. बरं, त्या बाईच्या जागी आपली ताई असती तर मीही तेच म्हणालो असतो, ते सोडा. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सभरतीच्या परीक्षेला, १०० पैकी ८० जागा मुलींना, २० आम्हाला. हे क्षेत्र बायकांनी उभं केलं, मान्य. पण मग त्या आजोबांसारख्यांचं काय करायचं? त्यांना कोण पुसणार?

नीटला मार्क कमी पडले म्हणूनच इकडं आलो, खोटं कशाला बोलू. पण आलो तर आलो, आता पुढं काय हे कुणी सांगत नाही. आमचा एक सिनिअर पुण्यात प्रायव्हेटला लागला, हातात १३ हजार आणि ओरिजिनल मार्कशीट वर्षभर त्यांच्या कपाटात. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या कमिटीनं २०१६ लाच सांगितलंय की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटल असलं तरी नर्सला २० हजारांच्या खाली पगार नको. सांगितलंय, बास. २०२४ ला आपल्या सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला तेव्हा होस्टेलवर पंधरा दिवस सगळे एकमेकांना गुटेन मॉर्गन करत होते. तिथं नर्स म्हणून मान्यता पाहिजे तर जर्मन भाषा बी२ लेव्हलपर्यंत लागते. माझं ए१ चं, म्हणजे पहिल्याच लेव्हलचं पुस्तक उशाखाली आहे, उंची बरोबर येते.

आणि फी कोण भरतंय? अण्णाच. कांद्याचे पैसे आले की आधी माझं कॉलेज, मग दुकानदाराची उधारी. त्यामुळं फार बोलता पण येत नाही. बैठकीत त्यांचा चेहरा पण मी बघितला ना, ताईचं जुळावं म्हणून माणूस किती वाकतो ते. बोलताना माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. ते आजोबा भिंतीकडं बघत होते तसेच.

आता इथपर्यंत टाइप केलंच आहे तर तेही सांगतो. आजोबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "हो आजोबा, माहितीय." काही माहिती नाही घरी. घरी मी पहिल्या वर्षापासून इंजेक्शन, सलाईन, आयसीयूचे मॉनिटर एवढंच सांगत आलोय. आईला वाटतं मी डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून बीपी बघतो. बेडपॅन हा शब्द आमच्या घरात अजून आलेलाच नाही. मग मामांसमोर अण्णांनी तरी काय वेगळं केलं, जाऊ दे.

सकाळी ८ ची ड्युटी आहे, पहाटेची एसटी पकडायचीय आणि मी हे लिहीत बसलोय.

ता.क. आत्ताच अण्णा खोलीत येऊन गेले. तिकडून होकार आलाय. आणि मामांना बीपीच्या गोळ्या लागतात दर महिन्याला, आपल्या मेडिकलमधून किती डिस्काउंट मिळेल असं विचारलंय. अण्णांनी २० टक्के सांगून टाकलंय.