वरच्या मजल्यावरची पुढची सीट आणि मावशींची खानावळ

वादाला तोंड फुटलं ते बसच्या भाड्यावरून. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं. त्याला आता बरेच दिवस उलटले, पण लालबागच्या आमच्या कट्ट्यावर अण्णांचा राग अजून उतरलेला नाही. २०१९ मध्ये हेच तिकीट आठावरून पाचावर आणलं होतं, हेही त्यांना पाठ आहे.

"आण्या-दोन आण्यात ट्राम कुठल्या कुठे न्यायची," अण्णांनी सुरुवात केली. त्यांचे वडील कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाला होते. ट्रामचे रूळ इथूनच, लालबाग-परळवरून दादरकडे जायचे. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईतली शेवटची ट्राम धावली तेव्हा अण्णा बारा वर्षांचे होते, त्यामुळे त्यांना सगळं आठवतं. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, पोरं चालत्या ट्राममधून टुणकन खाली उतरायची. ट्राम गेली तरी डबलडेकर होती, म्हणून त्यांना तितकंसं वाईट वाटलं नव्हतं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट, खिडकी सताड उघडी, समोर सगळा परळ. "आणि आता काय आणलंय? काचा बंद, आत एसी. वारा नाही तर डबलडेकर कसली?"

बंटी पंचविशीतला. त्याने विजेवरच्या नव्या डबलडेकरची बाजू घेतली. "अण्णा, मे महिन्यात एकदा त्या बसमध्ये बसून बघा. आणि धूर किती कमी झाला, ते कोणी बोलतच नाही."

"धुराचं सोड. १९३७ पासून रस्त्यावर असलेली गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. शेवटच्या दिवशी लोकांनी हार घातले गाडीला."

इथे काका मध्ये पडले. काका बेस्टचे निवृत्त कंडक्टर, कट्ट्यावर सगळ्यात कमी बोलणारे. "हार घातले ते बरंच केलं. पण अण्णा, तुम्हाला ती पुढची सीट आठवते, मला तो जिना आठवतो. डबलडेकरला दोन कंडक्टर लागायचे, एक वर, एक खाली. वरच्याला शांतता असते असं लोकांना वाटायचं. गर्दीच्या वेळी बस वळणावर झुकलेली, एका काखेत तिकिटांची पेटी, खांद्याला चिल्लरची चामड्याची पिशवी, हातात पंच, आणि पाय जिन्यावर. दांडा धरायला हात कुठला उरणार? माझे गुडघे त्या जिन्याने खाल्ले." मग म्हणाले, "आणि गाडी बंद का झाली, तेही सांगतो. दोन माणसांचा पगार, जुन्या गाडीचे सुटे भाग, याचा हिशेब वरच्यांना परवडेना. वाऱ्याचा हिशेब कोणी केलाच नव्हता."

अण्णा थोडे गप्प झाले, पण हरले नाहीत. त्यांनी गाडी खाण्याकडे वळवली. "मग निदान वडापाव तरी मान्य करा. गिरणी कामगाराचं खाणं ते! जगात कुठे गेलं तरी अशी चव नाही."

"गिरणी कामगाराचं खाणं वडापाव नाही हो." मावशी बोलल्या आणि सगळे त्यांच्याकडे वळले. मावशी भाजी घेऊन घरी जाताना रोज दहा मिनिटं टेकतात. पंधरा-वीस वर्षं त्यांनी चाळीत खानावळ चालवली. "दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी गाडी लावली ती १९६६ च्या सुमाराला. गिरण्या त्याच्या शंभर वर्षं आधीपासून सुरू होत्या. तोवर काय माणसं उपाशी कामाला जात होती? आमच्या हातचं जेवून जात होती. वडापाव वाढला तो १९८२ च्या गिरणी संपानंतर. गिरण्या बंद पडल्या, माणसं बेकार झाली, आमच्या गल्लीतच तिघांनी कढई मांडली. तुम्ही ज्याला चव म्हणता ती त्यांची पोट भरायची शेवटची वाट होती."

त्या दिवशी खरी चर्चा इथून सुरू झाली असं मी मानतो, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

मावशींनी जे सांगितलं ते मी याआधी इतकं सविस्तर ऐकलं नव्हतं. दहा बाय बाराची खोली, त्यात घरचे पाच जण आणि जेवायला येणारे वीसेक गाववाले. कोकणातले, साताऱ्याकडचे, बायका-पोरं गावी ठेवून आलेले. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, म्हणून पंगतही पाळीप्रमाणे. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे भोंग्याच्या आधी तयार हवेत. दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री सुटून यायचे, त्यांच्यासाठी ताटं झाकून ठेवायची. तिसऱ्या पाळीचे सकाळी डोळे तांबारलेले येऊन जेवायचे आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या वळकटीवर आडवे व्हायचे. पहाटे चारला नळाला पाणी, तेव्हाच मावशींचा दिवस सुरू.

"रॉकेल महाग, म्हणून भुशाची शेगडी," मावशी म्हणाल्या. बंटीला ती शेगडी माहीतच नव्हती, तर त्यांनी हाताने करून दाखवली. पत्र्याच्या डब्याला खालून भोक पाडायचं. मधोमध बाटली उभी धरायची, बाजूने लाकडाचा भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर ओढायची. भुसा ढासळला तर सगळं पहिल्यापासून. नीट जमली तर शेगडी दोन-तीन तास एकसारखी जळते. भुसा ओला निघाला तर खोलीभर धूर आणि डोळ्यांतून पाणी. "पगार झाला की पहिल्या रविवारी मटण, फोडी मोजून. महिना सरत आला की जवळा, सुकट, कुळथाची पिठी. पण भात कधी कोणाला मोजून दिला नाही."

"हेच म्हणतोय ना मी," अण्णांना धीर आला. "ती माया आता कुठेय?"

"माया होती, पण उधारीवर होती," मावशी फटकन म्हणाल्या. "तुम्ही महिन्याने पैसे देणार. मी वाण्याकडून महिनाभर उधार आणणार, आणि उधार म्हटलं की तो भाव वाढवून लावणार. कमी पडलं की मंगळसूत्र सावकाराकडे. तुमची माया माझ्या सोन्यावर चालायची."

कोणी काही बोललं नाही. काकांनी चहा सांगितला.

प्रेमा पुरव यांचं नाव मावशींनीच काढलं. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या. मुंबईत त्या कामगार चळवळीत आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की संपात कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांची नोंद कुठल्याच वहीत नाही. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. मावशींच्या शेजारणीने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बँकेत सही केली ती तेव्हा. "सावकाराच्या दारातून सुटलो," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मावशींनी सुरुवातीचे काही महिने वाढलं, वहीत लिहीत गेल्या. पुढे माणसं एकेक करून गावी परतली. वहीतले आकडे तसेच राहिले. गिरणी कामगारांच्या थकबाकीवर मोर्चे निघाले, घरांवर निघाले, ते निघायलाच हवे होते. खानावळवालीच्या थकबाकीवर एकही निघाला नाही.

बंटीने इथे एक मुद्दा मांडला, आणि माझ्या मते त्या संध्याकाळी सगळ्यात नेमकं तोच बोलला. "तुम्ही सगळे कामगार गेला, कामगार गेला म्हणताय. कुठे गेला? फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तिथे माझा मित्र सिक्युरिटीत आहे. बारा तासांची ड्युटी. कमला मिलच्या ऑफिसांत रात्री साफसफाई करणाऱ्या बायका आहेत. केईएम रुग्णालयात वॉर्डबॉय आहेत. यांच्या पाळ्या आहेतच की. नाहीये ती पाळीप्रमाणे झाकून ठेवलेली थाळी. माझा मित्र रात्री दोन वडापाव खातो ते आवडीने नाही, दुसरं काही मिळत नाही म्हणून."

काकांनी मान हलवली. पहिल्या पाळीसाठी पहाटेची बस किती भरून यायची, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बस, खानावळ आणि भोंगा ही एकाच घड्याळावर चालणारी व्यवस्था होती. पहाटेच्या बसला कोण चढणार हे ड्रायव्हर चेहऱ्याने ओळखायचा, एखादा दिसला नाही तर दोन क्षण जास्त थांबायचा.

सरकारांनी स्वस्त जेवण दिलं नाही असं नाही. १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर आली, २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन. अण्णांनी दोन्हींची नावं घेतली, पण शिवभोजन दुपारचं, आणि बंटीच्या मित्राला भूक लागते रात्री एकला.

माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडतो. डबलडेकरचा वारा मलाही हवाहवासा वाटतो, तो खोटा नाही. पण आठवणी काढताना आपण सीट आणि चव तेवढी काढतो, जिना आणि भुशाची शेगडी काढत नाही. त्यामुळे बस परत मागताना आपण रंग मागतो, वेळापत्रक मागत नाही. अण्णांना हे पटलं नाही. "चवीलाही किंमत असते, ती पुसून टाकू नकोस," असं त्यांनी मला बजावलं, आणि ते मला मान्य आहे.

शेवटी बंटीने मावशींना सरळ विचारलं, "आज खानावळ काढायची तर काय लागेल?" मावशींनी बोटांवर मोजत सांगायला घेतलं: व्यावसायिक गॅसचा सिलिंडर, खोलीचं भाडं, भांडी घासायला एक बाई, तिला धड पगार. "आणि पैसे रोजच्या रोज. महिन्याची उधारी अजिबात नाही." काकांनी पुढची अट घातली, रात्री साडेबाराला परळहून सुटणारी बस हवी, नाहीतर ती घासणारी बाई घरी जाणार कशी? बंटी मोबाइलवर हे सगळं लिहून घेत होता, आणि अण्णा विचारत होते की रविवारी मटण असेल की नाही.